गोव्याच्या उकाड्यात साल्तेन्या: रस्सा आतच राहायला हवा

साल्तेन्या म्हणजे बोलिव्हियाची, भट्टीत भाजलेली करंजी. फरक इतकाच की तिच्या पोटात सारणाबरोबर दोन-तीन चमचे पातळ रस्साही असतो, आणि तो पहिल्या घासापर्यंत आतच टिकवायचा असतो. पातळ रस्सा पारीत भरता येत नाही, म्हणून तो आधी थिजवतात. घट्ट झालेलं थंड सारण पारीत बंद करायचं आणि कडक आचेवर भाजायचं. पारी आधी पक्की होते, रस्सा मागाहून वितळतो. ला पाझ शहर समुद्रसपाटीपासून सुमारे ३,६०० मीटरवर आहे. तिथल्या गार स्वयंपाकघरात थिजलेलं सारण ओट्यावर निवांत पडून राहतं. म्हापशात किंवा फोंड्यात एप्रिलच्या सकाळी ते पाच-सात मिनिटांत पाझरायला लागतं. खालची कृती बोलिव्हियाचीच आहे, फक्त प्रमाणं, वेळा आणि कामाचा क्रम गोव्याच्या हवेला जुळवून घेतला आहे.

नाव आलं आर्जेन्टिनातल्या साल्ता या गावावरून. साल्तेन्या म्हणजे साल्ताची बाई. लेखिका हुआना मान्वेला गोरीती हिचं कुटुंब १८३१ साली परागंदा होऊन बोलिव्हियात आलं. तिचा नवरा मान्वेल इसिदोरो बेल्सू पुढे १८४८ ते १८५५ या काळात बोलिव्हियाचा राष्ट्राध्यक्ष होता. हलाखीच्या दिवसांत या घराण्यानं हा पदार्थ करून विकला आणि ‘त्या साल्तावालीकडून आण’ म्हणता म्हणता पदार्थालाच ते नाव पडलं, असं तिथे सांगतात. खायची वेळ मात्र ठरलेली: सकाळी दहाच्या सुमारास सुरुवात, दुपारी बारा-एकपर्यंत संपलं. बीफ आणि कोंबडी अशा दोन्ही तऱ्हा तिथे सारख्याच चालतात, त्यामुळे कोंबडीची साल्तेन्या केली तर त्यात काही तडजोड नाही. इथे दिलेली कृती कोंबडीचीच आहे.

काम दोन दिवसांचं आहे. संध्याकाळी सारण, सकाळी पीठ. एकाच दिवशी उरकायचा प्रयत्न करू नका. तासाभरात थंड झालेलं सारण वरून घट्ट दिसतं, पण मधोमध ओलंच असतं.

सारण

हे प्रमाण १४ नगांचं. कोंबडीच्या तंगडीचं बिनहाडाचं मांस ३०० ग्रॅम, १ सेंटिमीटरचे तुकडे करून. कांदा १५० ग्रॅम, अगदी बारीक चिरून. बटाटे १५० ग्रॅम, तेवढेच चौकोनी तुकडे. मटार ५० ग्रॅम. कोंबडीच्या हाडांचं पाणी अर्धा लिटर तयार ठेवा, त्यातलं ३५० मिलिलिटर प्रत्यक्ष लागेल. साधं, बिनवासाचं, बिनरंगाचं जिलेटिन १० ग्रॅम. जिरेपूड १ छोटा चमचा, सुका ओरेगानो १ छोटा चमचा, मिरपूड अर्धा, साखर १ मोठा चमचा, मीठ दीड छोटा चमचा, माडाचं व्हिनेगर १ मोठा चमचा. शिवाय ४ उकडलेली अंडी, १४ काळे ऑलिव्ह आणि मूठभर बेदाणे. हे तिन्ही जिन्नस सारणात मिसळायचे नाहीत, भरताना वेगळे ठेवायचे आहेत.

सगळी चव मिरचीवर उभी आहे. बोलिव्हियात ‘आही कोलोरादो’ नावाची लांब, वाळलेली मिरची वापरतात. ती रंगाला भडक आणि तिखटाला बेताची असते. आपल्याकडे तिच्या जवळ जायचं तर ६ ब्याडगी आणि काणकोणच्या २ खोला मिरच्या एकत्र घ्या. खोला मिरची रंगही देते आणि अंगाला जाणवेल इतका तिखटपणाही. बिया आणि देठ काढून मिरच्या गरम पाण्यात २० मिनिटं भिजवा आणि त्याच पाण्याचे दोन-तीन चमचे घालून गंधासारख्या वाटा. बिया राहिल्या तर रस्सा कडवट होतो आणि खाताना दाताखाली कचकचतोही.

दोन मोठे चमचे तेलात कांदा पाच मिनिटं परता. तो पारदर्शक व्हायला हवा, लाल नाही. त्यात मिरचीचं वाटण घालून मंद आचेवर तेल सुटेपर्यंत, म्हणजे सहा-सात मिनिटं परता. ही पायरी घाईत उरकली तर कच्च्या मिरचीचा वास शेवटपर्यंत जात नाही. मग जिरं, मिरपूड, तळहातावर चोळलेला ओरेगानो, मांस, मीठ आणि साखर घाला. हाडांचं पाणी घालून दहा मिनिटं शिजवा. इथे आपला हात सवयीनं आलं, गरम मसाला नाही तर खोबऱ्याकडे जातो. तो आवरा. साल्तेन्याच्या रश्शाची ओळख जिरं, ओरेगानो आणि गोडसर मिरची यांच्यातच आहे.

बटाटे वेगळे उकडा, तेही जेमतेम. सुरी आत जाताना थोडा अडथळा जाणवला पाहिजे. मऊ गाळ झालेला बटाटा रात्रभर रस्सा पीत बसतो आणि सकाळी सारण कोरडं ठणठणीत मिळतं. बटाटा मूळचा अँडीज पर्वतातला, त्या भागात त्याच्या असंख्य जाती पिकतात आणि साल्तेन्यासाठी न विरघळणारा, घट्ट बटाटाच निवडतात. आपण पिठूळ जुन्या बटाट्याऐवजी नवा, पातळ सालीचा घ्यावा.

थिजवणं

जिलेटिन ५० मिलिलिटर गार पाण्यावर भुरभुरवा आणि पाच मिनिटं फुगू द्या. सारणातला रस्सा गाळून मोजा. तो ३५० मिलिलिटरपेक्षा कमी भरला तर हाडांचं पाणी घालून पुरा करा. मापाची ही पायरी गाळू नका. आटलेल्या रश्शात तेवढंच जिलेटिन पडलं तर रबर होतो, जास्त रश्शात पडलं तर थिजतच नाही. गॅस बंद करून गरम रश्शात फुगलेलं जिलेटिन विरघळवा. त्यानंतर उकळी आणायची नाही, जिलेटिनची पकड सैल पडते. व्हिनेगर, मांस, बटाटे आणि मटार आता मिसळा.

मांस मऊ करायला कच्ची पपई लावायची सवय असेल तर या पदार्थापुरती ती सोडा. पपईतला पाचक घटक जिलेटिन तोडतो. रात्रभर फ्रिजमध्ये ठेवूनही सारण पातळच राहिलं तर कारण हेही असू शकतं.

एक चमचा रस्सा स्टीलच्या वाटीत घेऊन फ्रिजमध्ये दहा-पंधरा मिनिटं ठेवा आणि वाटी तिरकी करा. रस्सा हलला नाही तर जमलं. घरंगळला तर आणखी २ ग्रॅम जिलेटिन फुगवून घाला. थंड हवेच्या गावात एवढ्या रश्शाला ७ ग्रॅमही पुरतं, आपल्याला १० लागतं. पावडर नको असेल तर जुनी रीत आहेच: बोलिव्हियात गुरांचे पाय उकळून हा चिकटपणा काढत आले आहेत. घरगुती बेतात कोंबडीचे अर्धा किलो पाय दीड लिटर पाण्यात मंद आचेवर तीन तास उकळून, गाळून ४०० मिलिलिटरपर्यंत आटवा. फ्रिजमध्ये तो आपोआप थिजतो.

सारण खोल भांड्यात ठेवू नका. कडा असलेल्या ताटात ३ सेंटिमीटर जाडीचं पसरा, झाका आणि फ्रिजमध्ये अगदी मागच्या बाजूला किमान आठ तास ठेवा. सकाळी सुरीनं बर्फीसारखे १४ तुकडे पाडा, प्रत्येक साधारण ६० ग्रॅमचा. चमच्यानं उकरून भरण्यापेक्षा हे कितीतरी चांगलं. हात कमी लागतो, सारण कमी वितळतं आणि सगळे नग एकसारखे होतात.

पीठ

मैदा ५०० ग्रॅम, साखर ५० ग्रॅम, मीठ ८ ग्रॅम, अंड्यांचे २ पिवळे बलक, गरम पाणी सुमारे १५० मिलिलिटर आणि मोहनासाठी १२० ग्रॅम डुकराची चरबी किंवा बिनमिठाचं बटर. साजूक तूप वापरायचं तर १०० ग्रॅमच घ्या आणि पाणी २० मिलिलिटर वाढवा, कारण बटरमध्ये पाणी असतं, तुपात नसतं.

पीठ पिवळसर-केशरी दिसतं ते उरुकूमुळे, म्हणजे शेंदरीच्या बियांमुळे. बिया मिळाल्या तर एक छोटा चमचा मोहनात घालून अगदी मंद आचेवर तीन मिनिटं ठेवा आणि गाळा. बिया काळ्या पडल्या तर कडवटपणा येतो. बिया नसतील तर चिमूटभर हळद आणि अर्धा चमचा ब्याडगीचं तिखट गरम मोहनात घाला.

पुढचं काम दिवाळीच्या फराळाला बसणाऱ्या हाताला शिकवावं लागत नाही. परातीत मैदा, साखर आणि मीठ एकत्र करून त्यावर कडकडीत मोहन ओता. आधी चमच्यानं, मग तळव्यांनी चोळा. मुठीत दाबल्यावर मुटका वळला पाहिजे. गरम चरबी पिठाच्या कणाकणाला लागते आणि रस्सा पारीत झिरपू देत नाही, म्हणून गार मोहन इथे चालत नाही. पीठ कोमट झाल्यावरच बलक घाला, नाहीतर ते तिथेच शिजतील. मग गरम पाणी थोडं थोडं घालत पुरीच्या पिठाहून घट्ट मळा, आठ-दहा मिनिटं. जून ते सप्टेंबर मैद्यातच ओल असते. तेव्हा १२० मिलिलिटर पाण्यावर थांबून अंदाज घ्या. ओल्या फडक्याखाली पीठ अर्धा तास मुरू द्या. फ्रिजमध्ये ठेवलं तर मोहन गोठतं आणि लाटताना कडा फाटतात.

भरणं आणि मुरड

उन्हाळ्यात हे काम सकाळी सात-आठच्या आत उरका. सारणाचं ताट बर्फाच्या पाण्यावर ठेवा आणि एका वेळी चारच पाऱ्या लाटा.

साधारण ६० ग्रॅमचा गोळा १३ सेंटिमीटर व्यासाचा लाटा. मध्यभाग ४ मिलिमीटर, कडा किंचित पातळ. मधोमध पातळ झालेली पारी भट्टीत हमखास बुडाला फुटते. पारी हातावर घ्या, मध्ये सारणाचा तुकडा, त्यावर अंड्याची एक फोड, एक ऑलिव्ह, दोन-तीन बेदाणे. बोलिव्हियात ऑलिव्ह बियांसकट घालतात. पाहुण्यांना देताना ते आधी सांगा.

करंजी आडवी असते, साल्तेन्या उभी राहते. म्हणून दोन्ही कडा वर आणून डोक्यावर जोडा. पारीच्या कडेला पाण्याचं बोट फिरवा, पण सारणाचा ओशट थेंब तिथे लागू देऊ नका. लागलाच तर कोरड्या फडक्यानं टिपून त्यावर चिमूटभर मैदा लावा. कडा चिमटून सेंटिमीटरभर झालर मोकळी सोडा आणि उजव्या टोकापासून मुरड घालायला लागा. अंगठा खाली, तर्जनी वर, झालरीचं टोक आत दुमडून दाबायचं. पुढची दुमड आधीच्या दुमडीवर अर्धी चढली पाहिजे. एका नगाला चौदा-पंधरा मुरडी बसतात, शेवटचं शेपूट खाली वळवून चिकटवा. मुरडीचे कानवले वळणाऱ्या हाताला हे पहिल्याच नगात जमतं. कातण फिरवायचं नाही. कापलेली कड एकाच रेषेवर बंद असते आणि आतली वाफ ती रेष उघडते. दुमडलेल्या मुरडीत कडांचे दोन-तीन थर एकमेकांवर बसतात.

सारणाच्या कापलेल्या बाजूकडे लक्ष ठेवा. ती मंद, धूसर दिसते तोवर ठीक. तिच्यावर काचेसारखी चमक आली की वितळायला सुरुवात झाली. त्या क्षणी हातातला नग पुरा करा आणि ताट दहा मिनिटं फ्रीजरमध्ये ठेवा.

तयार झालेले नग अर्धा तास ते पाऊण तास फ्रीजरमध्ये राहू द्या. आपल्या हवेत ही पायरी वगळून चालत नाही.

भट्टी

ओटीजी २५० अंशांवर ट्रे आत ठेवूनच २५ मिनिटं तापवा. गार ट्रेवर ठेवलेल्या साल्तेन्याचं बूड सावकाश शिजतं आणि तोवर रस्सा वितळून खाली उतरतो. एक बलक, चमचाभर दूध आणि चिमूटभर तिखट फेटून मुरडीसकट वरून ब्रशनं लावा. तापलेल्या ट्रेवर बटरपेपर टाकून नग तीन-तीन सेंटिमीटर अंतरावर ठेवा. १५ ते १८ मिनिटं लागतात. दहाव्या मिनिटाला ट्रे फिरवा, बहुतेक घरगुती ओव्हन मागच्या बाजूला जास्त तापतात.

मुरडीची टोकं गडद तपकिरी झाली आणि बूड टकटक वाजलं की झालं. मुरडीतून रश्शाचा एखादा थेंब फुगून वर आला तर मिनिटाचाही उशीर करू नका, बाहेर काढा. आतला रस्सा उकळायला लागला आहे.

ओळखीचा पोदेर असेल तर सकाळचा पाव निघाल्यावर त्याच्या भट्टीत एक ट्रे घालता येईल का ते विचारा. लाकडावर तापलेली भट्टी खालून-वरून सारखी आच देते आणि बोलिव्हियात साल्तेन्या खायची जी वेळ, नेमकी त्याच वेळेला ती मोकळी होते. ती ओटीजीहून बरीच तापलेली असते, म्हणून आठव्या मिनिटापासून डोकवायला लागा.

नग फुटला तर कुठे फुटला ते बघा. बुडाला फुटला असेल तर पारी मध्ये पातळ होती किंवा ट्रे गार होता. मुरड उघडली असेल तर कडेला ओशटपणा होता. कुशीत चीर गेली असेल तर पीठ कोरडं होतं किंवा पुरेसं मुरलं नव्हतं. नग फुटला नाही पण आत कोरडा निघाला, तर दोष बटाट्याचा किंवा जास्त भाजण्याचा. फिक्या, मऊ पारीचं कारण एकच: ओव्हन पुरेसा तापला नव्हता. तापमान कमी ठेवून वेळ वाढवल्यानं ते सुधारत नाही, उलट रस्सा सुटतो.

ल्याहुआ

साल्तेन्याबरोबर ही चटणी हवीच. मूळ चटणीत लोकोतो ही जाड सालीची, काळ्या बियांची मिरची, टोमॅटो, मीठ आणि किल्किन्या नावाचा उग्र वासाचा पाला असतो. वाटतात ती बातानवर, म्हणजे सपाट दगडावर अर्धगोल जड दगड डोलवत. आपला पाटा-वरवंटा किंवा रगडा यासाठी अगदी योग्य आहे. लोकोतोला थंड डोंगराळ हवा लागते, त्यामुळे ती इथे मिळत नाही. तिच्या जागी पाव लाल भोपळी मिरची आणि दोन ताज्या लाल मिरच्या घ्या. पहिलीतून गर मिळतो, दुसरीतून तिखटपणा. दोन पिकलेले टोमॅटो, कोथिंबिरीच्या कोवळ्या काड्या आणि पुदिन्याची तीन-चार पानं घ्या. आधी मिरची आणि मीठ भरड वाटा, मग पाला, शेवटी टोमॅटो. मिक्सरमध्ये हवा मिसळून चटणी गुलाबी फेसाळ होते आणि चव फिकी पडते. यात लसूण, लिंबू, साखर काही नको. ती त्याच दिवशी संपवा, दुसऱ्या दिवशी आंबते.

खाताना

भट्टीतून काढल्यावर पाच मिनिटं थांबा, रस्सा तोंड भाजण्याइतका कढत असतो. साल्तेन्या मुरड वर ठेवून उभी धरा, वरच्या कोपऱ्याचा लहानसा घास घ्या आणि आधी रस्सा प्या. मग त्या भोकातून चमचाभर ल्याहुआ आत सोडत खाली खाली खात जा. काटा-सुरीनं कापली की रस्सा ताटलीत गेला. चारचौघांत ज्याचा रस्सा सांडतो त्यानं सगळ्यांचे पैसे द्यायचे, असा तिथे गमतीचा रिवाज आहे. पिण्यापूर्वी पेल्यातले चार थेंब जमिनीवर, पाचामामा म्हणजे धरणीमातेसाठी, सांडण्याची चालही अँडीजमध्ये आहे. तिला ‘चाल्या’ म्हणतात. ताटाभोवती चित्राहुती घालणाऱ्या घरांना ती वेगळी समजावून सांगावी लागणार नाही.

पेय म्हणून मोकोचिंची करता येईल. मूळ कृतीत वाळवलेले पीच असतात, आपल्याकडे जर्दाळू चालतात. १० जर्दाळू रात्रभर भिजवून दीड लिटर पाण्यात ४ लवंगा, दालचिनीचा बोटभर तुकडा आणि १५० ग्रॅम साखर घालून ४० मिनिटं मंद उकळा. गार करून, पेल्याच्या तळाशी एकेक जर्दाळू घालून द्या.

सोमवार-गुरुवार पाळणाऱ्या घरांसाठी

मांसाच्या जागी ३०० ग्रॅम बटण अळंबी घ्या. आधी कोरड्या तव्यावर तिचं पाणी पूर्ण आटवा, नाहीतर ते रश्शाचं माप बिघडवतं. जिलेटिन प्राणिजन्य आहे, म्हणून ३५० मिलिलिटर भाज्यांच्या पाण्याला चायना ग्रासची ३ ग्रॅम पूड घ्या. तिची तऱ्हा जिलेटिनच्या नेमकी उलट. ती दोन मिनिटं उकळावीच लागते आणि ओट्यावरच्या उकाड्यात अजिबात वितळत नाही, त्यामुळे भरायला सोपी. पण ८५ अंशांच्या आसपास गेल्याशिवाय ती पातळ होत नाही आणि ४० अंशांखाली पुन्हा घट्ट होते. म्हणून या साल्तेन्या पुरत्या भाजा आणि गरमागरमच वाढा. अंडं वगळायचं तर पिठात बलकांऐवजी दोन मोठे चमचे दूध घाला, वरूनही दूधच लावा.

उरल्या तर

कच्च्या साल्तेन्या फ्रीजरमध्ये सुट्या गोठवून मग डब्यात भरा, तीन-चार आठवडे टिकतात. बाहेर काढून ठेवायच्या नाहीत, गोठलेल्याच २२० अंशांवर २५ मिनिटं भाजा. पावसाळ्यात वीज बराच वेळ जाऊन त्या मऊ पडल्या तर पुन्हा गोठवू नका. अजून गार असतील तर लगेच भाजा, कोमट झाल्या असतील तर टाकून द्या. भाजलेल्या उरल्या तर फ्रिजमध्ये एक दिवस राहतात. दुसऱ्या दिवशी १८० अंशांवर १२ मिनिटं गरम करा. मायक्रोवेव्हमध्ये पारी चिवट होते.